मुळीची पारख : डॉ. रुस्तम जाल वकील

पनवेल हे कोकणाच्या तोंडाशी वसलेले जुने गाव. मुंबईहून घाटावर चढणारा आणि खाली कोकणात उतरणारा, असे दोन्ही रस्ते या गावावरून जातात. याच गावी १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्रीधूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. तोपर्यंत वैद्य आपल्या घरी खलबत्त्यात औषध कुटीत आणि पुडीत बांधून रोग्याला देत; आता तेच काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. अमुक मुळी अमुक दुखण्यावर चालते, हे ज्ञान वैद्यांच्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेले होते. मात्र एखादी मुळी शंभरांपैकी किती रोग्यांना गुण देते, किती दिवसांत देते, आणि गुणाबरोबर अपाय कोणता करते, याची मोजदाद करण्याची रीत त्या काळी आपल्याकडे फारशी रूढ नव्हती. अशाच एका मुळीची मोजदाद मुंबईच्या एका डॉक्टरांनी केली आणि तिचे फळ, त्यांच्या स्वतःच्याही कल्पनेपलीकडे, मनुष्याच्या वृद्धापकाळातील मेंदूचे कोडे उकलण्यास उपयोगी पडले. त्या डॉक्टरांचे नाव रुस्तम जाल वकील.

ती मुळी सर्पगंधेची. सर्पगंधेचे झुडूप लहानसे असते. ओलसर रानात मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढते. एकेका पेऱ्यावर तीन-तीन, चार-चार तकतकीत पानांचे वलय, तांबड्या देठांची पांढरी फुले आणि पिकल्यावर काळसर होणारी बारीक फळे, असे त्याचे रूप आहे. मराठीत त्याला अडकई असेही म्हणतात. त्याची नागमोडी मुळी सापाच्या विषावर आणि निद्रानाशावर देत. उत्तर हिंदुस्थानात तर वेड्याचे औषध म्हणूनच तिची ख्याती होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने उन्माद शमतो व रक्तदाबही उतरतो, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील काही द्रव्ये वेगळी काढली. परंतु या लेखांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले नाही.

रुस्तम वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण मुंबईत आटोपून ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथे लंडन विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांनी उत्तम यश मिळविले आणि एम. डी. ही वरची पदवीही संपादन केली. विलायतेत राहून नावलौकिक आणि धन मिळविणे त्यांना अवघड नव्हते. पण दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच ते मुंबईस परतले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी रोग्यांची सेवा केली, विद्यार्थ्यांना शिकविले आणि हृदयरोग हा आपल्या व्यासंगाचा विषय ठरविला.

त्या काळी रक्तदाबाच्या विकाराने जगभरचे डॉक्टर हतबल झालेले होते. हृदय रक्त पुढे लोटते त्या वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो तो रक्तदाब. तो सतत वाढलेला राहिला, तर हृदय थकते, मूत्रपिंडे बिघडतात आणि एखादे दिवशी मेंदूतील नाजूक रक्तवाहिनी फुटून मनुष्य क्षणात कोसळतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे १२ एप्रिल १९४५ रोजी अशाच रीतीने मरण पावले. शेवटच्या क्षणी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका भरला होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखालाही देण्यासारखे खात्रीचे औषध त्यांच्या डॉक्टरांपाशी नव्हते. मीठ तोडावे, विश्रांती घ्यावी, फार झाले तर पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी, एवढेच उपाय होते. मग मुंबईच्या चाळीतल्या कारकुनाची किंवा गिरणीतल्या मुकादमाची काय कथा!

डॉ. वकील यांनी सर्पगंधेकडे लक्ष दिले ते या निकडीमुळे. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही सोप्या होत्या. विलायती पदवी घेतलेले पुष्कळ डॉक्टर देशी मुळ्यांना हसत. तसे हसून ती बाजूला सारणे ही एक वाट. उलट, जे जे पूर्वजांनी सांगितले ते ते सत्य, असे म्हणून मुळीची थोरवी गाणे ही दुसरी. डॉ. वकील यांनी यांपैकी एकही वाट धरली नाही. सर्पगंधेच्या मुळीच्या चूर्णाच्या गोळ्या बाजारात मिळू लागल्या होत्या. त्या त्यांनी आपल्या रोग्यांना नेमाने देण्यास सुरुवात केली. औषधापूर्वीचा रक्तदाब, औषध चालू असतानाचा रक्तदाब आणि औषध थांबविल्यानंतरचा रक्तदाब ते लिहून ठेवू लागले. हे काम ऐकावयास साधे वाटते. करताना मात्र ते अत्यंत कंटाळवाणे आणि चिकाटीचे असते. रक्तदाब सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा भरतो. जिना चढून आलेल्या रोग्याचा निराळा, स्वस्थ निजलेल्याचा निराळा. डॉक्टरांना नुसते पाहूनही कित्येकांचा रक्तदाब चढतो. अशा चंचल आकड्यांतून सत्य निवडून काढावयाचे होते.

अखेर ५० रोग्यांच्या नोंदी घेऊन त्यांनी एक निबंध लिहिला. १९४९ साली तो इंग्लंडमधील हृदयरोगाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांच्या उपचाराने शेकडा ८५ रोग्यांचा वरचा रक्तदाब उतरला होता आणि शेकडा ८१ रोग्यांचा खालचाही उतरला होता. उतार काही रोग्यांत अगदी थोडा, तर काहींत भरपूर होता. सर्व रोग्यांना सारखाच गुण आला, असा दावा त्यांनी केला नाही. निबंधाचे वजन या काटेकोरपणामुळेच वाढले. परदेशातील ज्या डॉक्टरांनी सर्पगंधेचे नावही ऐकले नव्हते, त्यांना या आकड्यांकडे दुर्लक्ष करता येईना.

अमेरिकेतील बोस्टन शहरी रॉबर्ट विल्किन्स नावाचे डॉक्टर रक्तदाबावर काम करीत होते. डॉ. वकील यांचा निबंध वाचून त्यांनी हिंदुस्थानातून गोळ्या मागविल्या आणि आपल्या रोग्यांवर त्यांचा उपयोग केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे रसायनशास्त्रज्ञांनी या मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला रेसर्पिन असे नाव मिळाले. पाहता पाहता हे औषध देशोदेशी पोहोचले. रक्तदाबाबरोबर मनोविकारांवरही ते दिले जाऊ लागले आणि ज्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे लागे, असे काही रोगी शांत होऊन माणसांत वावरू लागले. १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक डॉ. वकील यांना देण्यात आले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

या ठिकाणी ही कथा संपली असती, तरी ती एका कर्तबगार डॉक्टराची कथा म्हणून सांगण्याजोगी होतीच. पण औषधाचा प्रसार वाढला तसतशी त्याची दुसरी बाजू दिसू लागली. काही रोगी सुस्त आणि खिन्न होत, अशा नोंदी निरनिराळ्या देशांतून येऊ लागल्या. ही खिन्नता औषधानेच येते काय, याविषयी पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले. तथापि दुसऱ्या एका लक्षणाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. मनोविकारासाठी ज्यांना रेसर्पिन मोठ्या प्रमाणात दिले जाई, त्यांपैकी काहींचे हात थरथरू लागत, अंग ताठ होई, चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार दिसे आणि पाऊल उचलणे जड जाई. औषध बंद केले, की ही लक्षणे बहुधा निघून जात.

डॉक्टर चकित झाले ते एवढ्यासाठी, की ही लक्षणे त्यांच्या ओळखीची होती. म्हातारपणी जडणारा कंपवात नेमका असाच असतो. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने त्याचे वर्णन लिहिले, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकात तो त्याच्या नावाने ओळखला जातो. साठी उलटलेल्या माणसाच्या हातातील पेला हिंदकळू लागतो, अक्षर बारीक बारीक होत जाते, चालताना पावले जमिनीला घासतात. बुद्धी शाबूत असूनही शरीर आज्ञा पाळीत नाही. हा रोग कशाने होतो, हे १४० वर्षे कोणालाही उमगलेले नव्हते. आणि आता झाडाच्या मुळीतील एक द्रव्य तरुण माणसाच्या अंगीही काही काळ तेच वार्धक्य आणून दाखवीत होते!

याचे उत्तर समजण्यासाठी मेंदूचा कारभार थोडा जाणून घेतला पाहिजे. मेंदूत अब्जावधी मज्जापेशी असतात. बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोहोंच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीला दुसरीकडे निरोप धाडावयाचा झाला, म्हणजे ती त्या फटीत विशिष्ट रसायनाचे कण सोडते. हे कण पलीकडच्या पेशीवरील ठरावीक जागी जाऊन बसतात आणि निरोप पोहोचतो. टपाल निघण्यापूर्वी ते पिशवीत भरून ठेवावे, तशी ही रसायने पेशीच्या टोकाशी अतिलहान पिशव्यांत साठविलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचे दार बंद करते. मग रसायन बाहेर सांडून पेशीतच नष्ट होते आणि निरोप पाठविण्याची वेळ येते तेव्हा पिशव्या रिकाम्या असतात. रक्तवाहिन्यांना आवळणाऱ्या मज्जातंतूंच्या पिशव्या अशा रित्या झाल्या म्हणजे वाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. डॉ. वकील यांच्या तक्त्यांतील उतरलेल्या आकड्यांमागचे कारण हेच होते. पण १९४९ साली ते कोणालाच ठाऊक नव्हते.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन या शास्त्रज्ञाने सशांना रेसर्पिन दिले. ससे मान टाकून, कान पाडून निश्चल बसले. त्यानंतर त्याने त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि थोड्याच वेळात ते उठून हालचाल करू लागले. डोपापासून मेंदूत डोपामीन हे रसायन तयार होते. तोवर डोपामीनला शास्त्रज्ञ दुसऱ्या एका रसायनाचा कच्चा माल समजत असत. ते स्वतःच एक निरोप्या आहे, आणि शरीराची हालचाल त्याच्यावर अवलंबून असते, असे आता दिसून आले. १९६० साली व्हिएन्नामध्ये ओलेह होर्निकिविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या माणसांचे मेंदू तपासले. त्यांतील हालचालीशी संबंधित भागात डोपामीन फारच थोडे उरले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि डॉ. बिर्कमायर यांनी कंपवाताच्या रोग्यांना डोपा टोचून पाहिले. जे अंथरुणावर उठून बसू शकत नव्हते, ते काही काळ चालू शकले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झिआस यांनी हे औषध थोड्या प्रमाणापासून वाढवीत नेऊन तोंडाने कसे द्यावे, हे दाखविले आणि रोज घेता येण्याजोगा उपचार सुरू झाला.

डोपा हे द्रव्य काही केवळ परदेशी प्रयोगशाळांचेच नव्हे. पावसाळ्यानंतर पनवेल-पेणच्या बाजूस, आणि एकंदर कोकणातच, रानाच्या कडेला खाजकुहिलीचे वेल दिसतात. तिच्या शेंगेवरील कुसळे अंगास लागली म्हणजे किती आग होते, हे गुरे राखणाऱ्या मुलांना चांगले माहीत असते. या शेंगेच्या बियांत डोपा पुष्कळ असते. मद्रासेत दोन संशोधकांनी १९३७ सालीच ते वेगळे काढले होते आणि आयुर्वेदात कपिकच्छू या नावाने या बिया वातविकारांवर दिल्या जात. व्हिएन्नाच्या रोग्यांना दिलेले डोपा या वेलीचे नव्हते, हे खरे. तरीही मेंदूतील निरोप्याचा साठा रिता करणारी मुळी आणि तो पुन्हा भरून काढण्यास उपयोगी पडणारे बी, ही दोन्ही एकाच देशाच्या रानांत वाढावीत, हा योग नवलाचाच म्हटला पाहिजे.

या शोधांमुळे वार्धक्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. म्हातारपणी मेंदू झिजतो, असे लोक पूर्वी मोघम म्हणत. आता कोणत्या जागी काय कमी होते, हे मोजता येऊ लागले. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहान पुंजका आहे. हालचालीसाठी लागणारे डोपामीन याच पेशी पुरवितात. वय वाढत जाते तशा त्यांतील काही पेशी प्रत्येकाच्याच मेंदूत नाहीशा होतात. निरोप घेणाऱ्या पेशींवरील डोपामीनच्या ठरावीक जागाही तारुण्य सरू लागल्यापासून हळूहळू घटतात. म्हणून आजोबांची चाल मंदावते, सुईत दोरा ओवण्यास वेळ लागतो, नवी गोष्ट शिकताना पूर्वीची चपळाई राहत नाही. हा रोग नव्हे. हा वयाचा स्वाभाविक क्रम आहे. कंपवातात मात्र याच पेशी फार झपाट्याने मरतात, आणि निम्म्याच्या आसपास पेशी नष्ट होईपर्यंत बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. स्मरणाशी निगडित असलेले ॲसिटिलकोलीन नावाचे दुसरे एक रसायन आहे. स्मृतिभ्रंशाच्या रोगात त्याचा पुरवठा तुटतो, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले ते १९७० नंतरच्या दशकात. डोपा देऊन मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत, आणि काही वर्षांनी औषधाचा गुणही अनियमित होऊ लागतो. तरी ज्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता त्यांना तो नेता येऊ लागला, हे थोडे नव्हे.

रक्तदाब आणि वार्धक्य यांचा आणखीही एक संबंध आहे आणि तो डॉ. वकील यांच्या मूळ कामाशी सरळ जोडलेला आहे. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्यामुळे पक्षाघात तर होतोच. पण उतारवयात स्मरण आणि आकलनही उणावते. रक्तदाब काबूत आणण्याचे जे काम त्यांनी हाती घेतले, त्यात म्हाताऱ्या मेंदूचे रक्षण आपोआपच सामावलेले होते.

स्वतः डॉ. वकील सर्पगंधेच्या कीर्तीवर विसंबून राहिले नाहीत. हृदयविकाराचा पुरा झटका येण्यापूर्वी छातीत वारंवार कळा येण्याची जी मधली अवस्था असते, तिचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा निबंध १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रोगनिदानावरील त्यांची पुस्तके वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासिली. वैद्यकाच्या इतिहासाचीही त्यांना मोठी गोडी होती. त्यावर त्यांनी सामान्य वाचकांसाठी सुबोध निबंध लिहिले. १९६५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. तोपर्यंत आपल्या देशातील विद्यार्थी बहुतांशी विलायती ग्रंथांवरून वैद्यक शिकत, आणि त्या ग्रंथांत हिवताप, पटकी, कुष्ठ यांसारख्या येथील नेहमीच्या रोगांना अर्थातच थोडी जागा असे. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय डॉक्टरांनी मिळून लिहिलेला एक मोठा ग्रंथ तयार झाला. त्याचे संपादन डॉ. वकील यांनी केले आणि १९६९ साली तो बाहेर पडला. त्याच्या नव्या आवृत्त्या त्यांच्या पश्चातही निघत राहिल्या.

१९७४ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. कार्लसनला डोपामीनच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते त्यानंतर २६ वर्षांनी, २००० साली. दरम्यान रक्तदाबावर अधिक निर्धोक औषधे निघाली आणि रेसर्पिनचा वापर मागे पडला. मुळीच्या हव्यासापायी सर्पगंधेची झुडपे रानोमाळ उपटली गेल्यामुळे परदेशी व्यापारावर निर्बंध घालून तिला संरक्षण द्यावे लागले आहे. प्रयोगशाळांतून मात्र रेसर्पिनला अजूनही काम आहे. कंपवातावरील एखादे नवे औषध पारखावयाचे असले, म्हणजे संशोधक कित्येकदा उंदरांना आधी रेसर्पिन देऊन निश्चल करतात आणि मग त्या औषधाने ते पुन्हा हिंडू-फिरू लागतात की नाही, हे घड्याळ लावून पाहतात.